खोडलेला झरा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर नकाशा विभाग होता, पण २०४३ सालापर्यंत तो शोधत कुणी फारसं येत नसे. जे येत त्यांतले निम्मे निवांतपणे डबा खायला येत. विभागाच्या ग्रंथपाल हेमलता वाकचौरे त्यांनाही हाकलत नसत. उलट जेवण झालं की एखादा रुंद खण ओढून त्या म्हणत, हात धुऊन आलाच आहात, तर आता तुमच्या गावाचा नकाशा बघून जा. मग बघणारा तासभर हलत नसे. आपलं घर, आपली शाळा, पोहायला शिकलो ती विहीर सापडली की माणूस कसा वाकून वाकून बघत राहतो, हे त्यांनी तीस वर्षांत शेकडो वेळा पाहिलं होतं.

मग पूर्वरेखा यंत्र आलं आणि तिसरा मजला गजबजून गेला.

भूमापन खात्याने काही वर्षांपूर्वी आपले जुने मूळ तक्ते विद्यापीठाकडे जपायला दिले होते. मूळ तक्ता म्हणजे सर्वेक्षकाने रानात उभं राहून पेन्सिलीने काढलेला कागद. छापील नकाशा त्यावरून तयार होतो. पण छापील नकाशात सर्वेक्षकाचा शेवटचा निर्णय तेवढा उतरतो. त्याआधी त्याने काय काढलं आणि काय खोडलं, ते डोळ्यांना दिसत नाही. पूर्वरेखेला ते दिसत होतं.

त्यामागचं विज्ञान हेमलता शाळेच्या मुलांनाही सहज समजावून सांगत. पेन्सिल कागदावर फिरते तेव्हा दोन गोष्टी होतात. शिसं कागदाला चिकटतं आणि टोकाच्या दाबाने कागदाचे तंतू दबतात. खोडरबर शिसं उचलून नेतं, पण दबलेले तंतू त्याला वर उचलता येत नाहीत. तो दाब शंभर वर्षंसुद्धा तसाच राहतो. पूर्वरेखा कागदावर टेराहर्ट्झ लहरी सोडत असे. या लहरी अवरक्त किरण आणि सूक्ष्मलहरी यांच्या मधल्या. त्या कागदाच्या आरपार जातात आणि वाटेतल्या प्रत्येक थरावरून थोड्या परतही येतात. परत यायला लागलेल्या वेळावरून यंत्र कागदाची जाडी केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारकाईने मोजत असे. शिवाय खोडताना वरचे तंतू थोडे पिंजले जातात. एखादी रेषा त्या पिंजलेल्या तंतूंच्या खाली आहे की वर, यावरून ती खोडण्याआधीची की नंतरची तेही कळे. मग पडद्यावर कागदाचे थर एकेक करून उलगडत, आणि शेवटी ते आजच्या उपग्रहचित्रावर बसवले जात.

याचा परिणाम काय होईल, याचा यंत्र बनवणाऱ्यांनी फारसा विचार केला नव्हता. त्यांना इतिहासाच्या अभ्यासकांची सोय करायची होती. पण वर्षभरात खोडलेल्या रेषांचे अहवाल सरकारी सुनावण्यांत पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाऊ लागले आणि गावोगावचे लोक तिसऱ्या मजल्यावर येऊन बसू लागले. कुणाला बुजलेली पाऊलवाट हवी होती, कुणाला दोन गावांच्या मधली गायब झालेली देवराई. शेजारी बसलेल्या दोन भावकीतल्या माणसांचं भांडण लागू नये म्हणून हेमलतांनी खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून मांडल्या. ग्रंथालयाच्या इतिहासात प्रथमच नकाशा विभागासाठी टोकन पद्धत सुरू झाली.

सुगंधा भांगरे आल्या तेव्हा त्यांच्या हातात सतरा नंबरचं टोकन होतं. साल २०४६, फेब्रुवारीचा महिना. सुगंधा अकोले तालुक्यातल्या भैरवमाळ नावाच्या वाडीच्या. सदुसष्ट घरांची ती वाडी डोंगराच्या पठारावर होती. वय चौतीस, आणि पंचायतीच्या सरपंच म्हणून हे त्यांचं दुसरं वर्ष. त्यांनी पिशवीतून एक छापील नकाशा काढून टेबलावर पसरला आणि सगळी हकिगत सांगितली.

डोंगरावरच्या विखुरलेल्या वाड्या खाली आणून एका जागी वसवायची योजना निघाली होती. ज्या वाडीला स्वतःचं बारमाही पाणी नाही, ती वाडी खाली हलवायची. खाली घरं तयार होती, चांगली होती, हे सुगंधांनी मोकळेपणाने कबूल केलं. पण भैरवमाळच्या लोकांना वर राहायचं होतं. त्यांची हिरड्याची झाडं वर होती, भाताची खाचरं वर होती. म्हातारी माणसं सांगत की कड्याखाली पूर्वी एक झरा होता आणि तो मे महिन्यातही आटत नसे. १९९४ साली दरड कोसळली आणि झरा तिच्याखाली गेला. खूण म्हणून जो उंबर होता, तोही गेला. वाडीने दोनदा खणून पाहिलं होतं. पण दगडांचा ढीग अर्धा मैल पसरलेला, प्रत्येक म्हातारा वेगळीकडे बोट दाखवी, आणि नकाशात झऱ्याचं नाव नव्हतं. सुनावणी एकवीस दिवसांवर आली होती.

"तुम्ही नकाशा कुठला मागितलात?" हेमलतांनी विचारलं.

"आमच्याच गावाचा की. भैरवमाळचा."

हेमलतांनी भिंतीवरचा सूचक नकाशा दाखवला. त्यावर सगळा जिल्हा चौकोनांत विभागलेला होता आणि प्रत्येक चौकोनाला क्रमांक होता. भैरवमाळ एका चौकोनाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात बसली होती. त्यांनी सांगितलं की कड्याची धार ही दोन गावांची हद्द आहे. तुमची घरं या तक्त्यावर आहेत, पण कड्याखालचा उतार कागदोपत्री शेजारच्या खडकदऱ्याचा, म्हणून तो पुढच्या तक्त्यावर गेला. लोक गावाच्या नावाने नकाशा मागतात. जागा ज्या चौकोनात पडते, त्याच्या क्रमांकाने मागायला हवा.

सुगंधांनी तो पुढचा चौकोन बोटाने शोधला. मग म्हणाल्या, दोन वर्षं आम्ही चुकीच्या कागदावर डोकं फोडत होतो.

खडकदऱ्याचा मूळ तक्ता १९८३ सालचा होता. हेमलतांनी तो हातमोजे घालून खणातून काढला आणि यंत्राच्या काचेवर ठेवला. छापील नकाशाप्रमाणे या तक्त्यावरही झरा नव्हता. पंचवीस मिनिटांनी पहिला खोडलेला थर पडद्यावर आला. त्यात हद्दीची एक दुरुस्ती होती, एक चुकलेली पाऊलवाट होती, आणि कड्याखालच्या उतारावर एक बारीक वर्तुळ होतं. वर्तुळाला शेपटीसारखी नागमोडी रेघ होती. बाजूला तीन शब्द होते. झरा. बारमाही. गोड.

सुगंधांनी तोंडावर हात ठेवला. पडद्याला नमस्कार करावा की काय, असं त्यांना वाटत असावं, कारण हात तिथवर गेले आणि थांबले.

हेमलतांना आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण क्षणभरच. त्या "झ"कडे त्यांची नजर खिळली होती. तो "झ" उभा असताना गुडघ्यात वाकल्यासारखा दिसे. लहानपणी पाटीवर त्यांना याच "झ"वरून गिरवायला लावलं होतं. तक्त्याच्या खाली शाईने नाव होतं: सर्वेक्षक, रं. वि. वाकचौरे.

रंगनाथ वाकचौरे म्हणजे त्यांचे वडील, घरातले नाना. वय एकोणनव्वद. या क्षणी ते विद्यापीठाच्या वसाहतीतल्या घरी झोपाळ्यावर बसून बहुधा शेंगा सोलत असतील.

अहवालाच्या छापील नमुन्यात एक रकाना होता: खोडण्याचं संभाव्य कारण. ग्रंथपालाने तो भरून सही करायची. नव्वद टक्के वेळा तिथे "दुरुस्ती" असा शब्द लिहिला जाई. दुरुस्ती याचा अर्थ, सर्वेक्षकाने आधी चूक केली आणि मग सुधारली. हेमलतांनी तो शब्द लिहिला असता, तर कुणीही प्रश्न विचारला नसता. पण मग झराच नव्हता असा अर्थ निघाला असता आणि भैरवमाळचा पुरावा तिथेच संपला असता. दुसरं काही लिहायचं, तर वडिलांनी डोळ्यांसमोरचं बारमाही पाणी नकाशावरून जाणूनबुजून पुसलं, असं लिहावं लागणार होतं.

त्यांनी सुगंधांपासून काही लपवलं नाही. हा सर्वेक्षक माझा बाप आहे, त्यामुळे अहवाल मी लिहिणं बरोबर नाही, पण असे अहवाल लिहायला दुसरं कुणी शिकलेलं नाही, म्हणून मला दोन दिवस द्या, असं त्या म्हणाल्या. सुगंधांनी थोडा विचार केला.

"घ्या ताई. पण तेवढं विचारा त्यांना. आमच्या झऱ्यानं त्यांचं काय वाकडं केलं होतं?"

पहिला दिवस हेमलतांनी न विचारताच घालवला. नानांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली होती: जमिनीवर आहे ते कागदावर यायला पाहिजे, बस. याच वाक्यावर त्या वाढल्या होत्या. नकाशांच्या धंद्यात आल्या त्याही त्यामुळेच. नानांनी कुणाच्या दबावाखाली हे केलं असेल का, कुणाच्या ताटात जेवून केलं असेल का, असले विचार मनात येत आणि त्यांची त्यांनाच शरम वाटे. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. नानांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि वर ताकही मागितलं नाही, तेव्हा त्यांनाही काहीतरी बिनसल्याचा सुगावा लागला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर हेमलतांनी पडद्यावरच्या थराची छापील प्रत नानांच्या पुढ्यात ठेवली. नाना कानाने कमी ऐकत, पण डोळे अजून शाबूत होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हात धरला आणि त्या वर्तुळावरून बोट फिरवलं.

"खोडरबर चांगलं जर्मन होतं," अखेर ते म्हणाले. "मला वाटलं, स्वच्छ गेलं."

"नाना, का खोडलंत?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या वर्षी खाली धरणाचं काम चालू होतं. वसाहतीला, विश्रामगृहाला पाणी हवं होतं, आणि डोंगरावरच्या बारमाही झऱ्यांची यादी नव्या मोजणीवरूनच होणार होती. नानांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी त्याचा विचार केला नव्हता. त्यांनी तिपाईवर फळी लावली, झरा टिपला, नाव लिहिलं. मागे उभी राहून एक बाई बघत होती. ठकूबाई तिचं नाव, वय तिशीचं, डोक्यावर दोन हंडे. तिला वाचता येत नव्हतं, पण ते गोल चिन्ह म्हणजे आपला झरा हे तिने ओळखलं आणि याचं पुढे काय होणार असं विचारलं. नानांनी खरं ते सांगितलं. तिने हंडे खाली ठेवले आणि इतर बायकांना हाका मारल्या. बघता बघता अकरा-बारा जणी जमल्या. कुणी रडलं नाही, कुणी पाया पडलं नाही. त्या नुसत्या फळीभोवती उभ्या राहिल्या. ठकूबाई म्हणाली, भाऊ, तू लिहिलंस की नळ येईल, आणि नळ आला की पाणी खाली जाईल. आम्ही काय प्यायचं, ते पण लिही मग.

"मग मी खोडलं," नाना म्हणाले. "नोकरीतली एकुलती एक लबाडी. तुझ्या आईलासुद्धा सांगितली नाही."

हेमलतांनी विचारलं की मला जन्मभर ते वाक्य ऐकवलंत त्याचं काय. नाना म्हणाले, ते वाक्य मी त्याच्या दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागलो. आणि ते इतक्या निरागसपणे म्हणाले की हेमलतांना हसू आवरेना. दोन दिवसांचं ओझं त्या हसण्यात उतरून गेलं. मग त्यांनी नानांना बाकीचं सांगितलं: दरड कशी पडली, वाडी हलवायचं कसं चाललंय, आणि नकाशात झरा नाही म्हणून पुरावा कसा नाही. नानांचा चेहरा उतरला. ज्यांच्यासाठी खोडलं, त्यांच्याच नातवंडांना ते आज आडवं आलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की सुनावणी कधी आहे, आणि त्याआधी एकदा वर जायला जीप मिळेल का.

अहवालाच्या रकान्यात हेमलतांनी लिहिलं: सर्वेक्षक हयात आहेत. कारण ते स्वतः सांगतील. आणि सही केली.

भैरवमाळला जीप पोचली तेव्हा नानांसाठी एक खुर्ची देवळासमोरच्या चिंचेखाली मांडून ठेवलेली होती. नानांना भेटायला वाडीतली सगळी म्हातारी माणसं आली. नानांनी ठकूबाईची चौकशी केली. ती आठ वर्षांपूर्वी गेली होती. तिची सून पुढे होऊन म्हणाली की सासूबाई कधी कधी एका मोजणीवाल्या भावाची गोष्ट सांगायच्या, पण आम्हाला वाटायचं, रचून सांगतात.

कामाला लगेच सुरुवात झाली. यंत्राने झऱ्याच्या चिन्हाची जागा उपग्रहचित्रावर बसवून दिली होती. ती हेमलतांच्या हातातल्या फोनवर निळ्या ठिपक्यासारखी दिसे. कड्याखाली उतरून त्यांनी ठिपक्याची जागा दाखवली आणि वाडीतले पंधरा जण पहारी घेऊन भिडले. दुपारपर्यंत डोकंभर खड्डा झाला. खाली कोरडा मुरूम लागला. बाजूला वाढवून पाहिलं, तिथेही मुरूमच. चार वाजता सगळे वर परत आले. पहारी जरा जोरात खाली पडल्या.

हेमलतांना स्वतःचीच लाज वाटत होती. आयुष्यभर त्यांनी नकाशे सांभाळले, लोकांना दाखवले, समजावून दिले. पण नकाशा हातात धरून रानातली एक जागा शोधायची वेळ त्यांच्यावर आजच आली होती, आणि आजच त्या चुकल्या होत्या. सुगंधांनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, आम्ही दोनदा चुकलो ताई, तुमची तर पहिलीच वेळ आहे.

नाना खुर्चीतून विचारत होते, कुठे खणलंत, मला दाखवा. हेमलतांनी फोन त्यांच्या डोळ्यांजवळ नेला. त्यांनी ठिपका पाहिला आणि मान हलवली.

"हे चिन्ह आहे, हेमा. चिन्ह म्हणजे जागा नाही. झरा हद्दीच्या रेघेला इतका खेटून होता की गोल तिथेच काढला असता तर रेघ झाकली गेली असती. म्हणून सरकवून काढला. जागा टाचणीने टोचलेली असते. टाचणीचं भोक बघ."

हेमलता पुस्तकातून हे शिकल्या होत्या आणि विसरल्याही होत्या. तिपाईवरच्या फळीने मोजणी करताना सर्वेक्षक दोन ओळखीच्या जागांवर उभा राहतो. प्रत्येक जागेवरून पट्टीने नेम धरून तो हव्या त्या वस्तूच्या दिशेने एक बारीक रेघ ओढतो. दोन रेघा जिथे छेदतात, तिथे वस्तू. तो छेद बारीक टाचणीने टोचून ठेवायची पद्धत होती, कारण पेन्सिलीचा ठिपका कितीही बारीक काढला तरी जमिनीवर तो दोन-तीन मीटरांचा होतो.

पण यंत्राने दिलेल्या थरांत एकही भोक नव्हतं. हेमलतांच्या लक्षात आलं की नसणारच. जुन्या कागदांना कसर लागते आणि त्यात शेकडो छिद्रं पडतात. ती नकाशात गोंधळ करतात, म्हणून पूर्वरेखेची आज्ञावली छिद्रं आधीच गाळून टाकत असे. यंत्राला कीड आणि सर्वेक्षक यांतला फरक कुणी शिकवलाच नव्हता.

त्यांनी विद्यापीठातल्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याने छिद्रं न गाळता तोच तक्ता पुन्हा उलगडला आणि कड्याखालचा भाग मोठा करून पाठवला. चिन्हाच्या आसपास सात भोकं होती. सहांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. एक मात्र गोल होतं, स्वच्छ, आणि त्याच्या कडेचा कागद किंचित आत दबलेला होता. चिन्हापासून ते चार मिलिमीटरवर होतं. या तक्त्यावर चार मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चाळीस मीटर.

पूर्वरेखेने आता दोन अस्पष्ट रेघाही दाखवल्या. एक भैरवाच्या देवळाच्या कळसाकडून आली होती, दुसरी समोरच्या सुळक्याच्या पायथ्याकडून. देऊळ आणि सुळका अजून जागच्या जागी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्याच पद्धतीने जागा शोधायची ठरवून हेमलतांनी फोन पिशवीत टाकला. एका टोकाला सुगंधांना सुळक्याच्या पायथ्याशी उभं केलं, दुसऱ्या टोकाला देवळापाशी खुद्द नानांना, आणि दोघांच्या हातात होकायंत्र देऊन दिशा सांगितल्या. मग स्वतः एक लाल साडी बांधलेली काठी घेऊन त्या दगडांच्या ढिगावर चढल्या. देवळाकडून हात हले, तशा त्या डावीकडे सरकत; सुळक्याकडून हात हले, तशा खाली उतरत. अठ्ठावन्नाव्या वर्षी, दोन वेळा घसरून, एकदा बाभळीत साडी अडकवून, शेवटी त्या अशा जागी उभ्या राहिल्या की दोन्हीकडचे हात एकाच वेळी थांबले.

त्यांनी काठी रोवली.

इथे दगड मोठे होते. पहारींनी ते हलवायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका माणसाने खाली हात घातला आणि मूठभर माती बाहेर काढली. ती काळी होती. त्याने ती दाबली, तेव्हा बोटांच्या फटींतून पाणी आलं. संध्याकाळ व्हायच्या आत खड्ड्याच्या तळाला ओंजळभर पाणी साठलं, उपसलं तर पुन्हा साठलं. पहिला तांब्या नानांकडे नेला गेला. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि जाहीर केलं की मी लिहिलं ते बरोबर होतं. गोड आहे.

सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी एका सभागृहात झाली. पुनर्वसनाचं काम बघणारे अधिकारी बेलसरे मध्यमवयीन, सरळ स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी अहवाल आधीच बारकाईने वाचला होता. नानांना उभं राहायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं, तरी नाना उभे राहिले आणि १९८३ सालचा तो प्रसंग ठकूबाईच्या हंड्यांसकट सांगितला. एकही गोष्ट त्यांनी मऊ करून सांगितली नाही. माझ्याकडून सरकारी नकाशा खोटा झाला, असं त्यांनी स्वतःच म्हटलं.

बेलसऱ्यांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की या खोडण्याची नोंद त्या तक्त्याच्या नावावर कायमची करावी लागेल, सर्वेक्षकाच्या नावासह.

"करा की," नाना म्हणाले. "शाईने करा."

सभागृहात हशा पिकला. बेलसरेही हसले. त्यांनी सांगितलं की उन्हाळाभर झऱ्याचं पाणी मोजलं जाईल आणि तोवर भैरवमाळ यादीतून बाजूला ठेवली जाईल. फक्त एक गोष्ट आधी ठरायला हवी. झरा मान्य करायचा, तर तो नव्या नकाशावर चढवावा लागेल.

हे ऐकून सुगंधा उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी दोन दिवसांची मुदत मागितली. झरा नकाशावर द्यायचा की नाही, हे मागच्या वेळी बायकांनी ठरवलं होतं, तर या वेळीही मी त्यांनाच विचारणार, असं त्यांनी सांगितलं. वाडीत सभा झाली. दीड तास चर्चा चालली. शेवटी ठरलं की द्यायचा, पण चिन्हाशेजारी "भैरवमाळचे पिण्याचे पाणी" हे शब्द छापून आले पाहिजेत. बेलसऱ्यांनी ते मान्य केलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात मोजणी झाली तेव्हाही झरा मिनिटाला अकरा लिटर देत होता. जूनमध्ये भैरवमाळचं नाव यादीतून कायमचं वगळलं गेलं, आणि सुगंधांनी तिसऱ्या मजल्यावर हिरड्याची एक पिशवी आणि हातसडीच्या तांदळाचं एक पोतं पाठवून दिलं.

नकाशा विभागात या प्रकरणाने दोन बदल झाले. पहिला म्हणजे पूर्वरेखेला गोल भोकं ओळखायला शिकवण्यात आलं. दुसरा बदल मोठा होता. यंत्र काय खोडलं ते सांगे, कधी खोडलं तेही सांगे, पण का खोडलं हे सांगणारं यंत्र कुणी बनवलेलं नव्हतं. ते सांगू शकणारी माणसं मात्र अजून थोडी शिल्लक होती. हेमलतांनी जुन्या निवृत्त सर्वेक्षकांचा शोध घेतला. नानांना धरून नऊ जण सापडले. सर्वांत तरुण चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. दर मंगळवारी ते तिसऱ्या मजल्यावर जमू लागले. पडद्यावर स्वतःच्या तरुणपणीच्या खोडलेल्या रेषा बघायच्या आणि कारणं सांगायची, एवढंच काम. त्यातही ते एकमेकांच्या चुका काढत आणि दुपारभर वाद घालत. टोकन घेऊन बसलेले लोक आपलं काम सोडून ते ऐकत.

नाना त्यांच्यातले सर्वांत नियमित. पावसाळ्यातल्या एका मंगळवारी त्यांचा १९८८ सालचा एक तक्ता यंत्रावर होता. हेमलता थर उलगडत होत्या. हद्दी, ओढे, एक चुकलेलं देऊळ, सगळं नेहमीचं. मग समासातल्या कोऱ्या जागेत काही अक्षरं वर आली. मोजणीशी त्यांचा संबंध दिसत नव्हता. एकाखाली एक चार शब्द होते आणि चारही खोडलेले होते.

मुळा. आढळा. म्हाळुंगी. प्रवरा.

हेमलतांनी तारीख पाहिली. तक्ता ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला होता. त्यांचा जन्म सव्वीस ऑगस्टचा.

"नाना, हे काय आहे? नद्यांची नावं समासात कशाला?"

नाना खुर्चीत किंचित अस्वस्थ झाले. शेजारचे आठही सर्वेक्षक मान पुढे करून बघू लागले.

"तार आली तेव्हा मी रानात होतो," नाना म्हणाले. "मुलगी झाली म्हणून. तिथेच बसून नावं काढली. शेवटचं मला फार आवडलं होतं. पण तुझी आई म्हणाली, पूर आला की लोक माझ्या मुलीच्या नावाने बोटं मोडतील."

हेमलता पडद्याजवळ गेल्या. "प्रवरा"चा दाब इतर तिन्ही नावांपेक्षा खोल होता. ते नाव दोनदा गिरवलेलं होतं, आणि खोडतानाही घाईने खोडलेलं दिसत नव्हतं. त्या बराच वेळ ते वाचत उभ्या राहिल्या. मग त्यांनी अहवालाचा नमुना पुढे ओढला. खोडण्याचं कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं: आईने नको म्हटलं. आणि सहीसाठी कागद नानांकडे सरकवला.